शिडीआत्याचे पाय

आमच्या घरात एक नियम आहे. शिडीवर जो चढतो तो मालक आणि खाली जो धरतो तो नोकर. वरच्याने "डावीकडे" म्हटलं की खालच्याने डावीकडे सरकवायची, का आणि कशाला विचारायचं नाही. नियम माझ्या सासऱ्यांचा. ते रंगारी होते, घरं रंगवायचे, आणि त्यांच्यामागे तो धंदा त्यांच्या दोन्ही मुलांनी चालवला, म्हणजे माझ्या नवऱ्याने आणि त्याच्या मोठ्या बहिणीने. शिडीवर कायम बहीणच. नवऱ्याला उंचावर गरगरतं, पण तो ते कबूल करत नाही. "मला खालून अंदाज चांगला येतो," असं म्हणतो. माझी मुलगी बोलायला लागल्यापासून माझ्या नणंदेला शिडीआत्या म्हणते, आणि आता साऱ्या गल्लीत तेच नाव झालं आहे.

मी मात्र त्यांना वन्संच म्हणते. मी गवंड्याची मुलगी. लग्न ठरलं तेव्हा माझे वडील सगळ्यांसमोर म्हणाले होते, "चला, आपण वाकडं प्लास्टर केलं तर झाकायला हक्काची माणसं मिळाली." ते वन्संनी ऐकलं आणि त्या दिवसापासून मी त्यांची 'गवंडीण' झाले. नणंद-भावजयीचं विळ्याभोपळ्याचं सख्य असतं म्हणतात. आमचंही तसंच आहे, फक्त विळा कोण आणि भोपळा कोण हे दर आठवड्याला बदलतं.

वन्संचा हात बघावा तर छताच्या कडेला. जिथे छताचा पांढरा संपतो आणि भिंतीचा रंग सुरू होतो, तिथे इतर रंगारी चिकटपट्टी लावतात. वन्सं पट्टीशिवाय, नुसत्या ब्रशने रेघ ओढायच्या. श्वास आत घ्यायचा, हात एकदाच न्यायचा. मी गवंड्याची लेक आहे, सरळ रेघ म्हणजे काय ते मला कळतं. ती रेघ सरळ असायची.

पण पाय. कमरेच्या वर एक बाई आणि कमरेखाली दुसरीच, असं त्या स्वतःच म्हणायच्या. वयात आल्यापासून मांड्या, गुडघे, पोटऱ्या सगळं वाढत गेलं आणि घोट्यापाशी एकदम थांबलं. पावलं मात्र लहान मुलीची. नुसतं जाड असतं तर वन्संनी कुणाला भीक घातली नसती. पण ते पाय दुखायचे. मुलीने खेळताना मांडीवर हात टेकला तरी कळ जायची. कशाला लागलं हे आठवतही नसायचं आणि पोटरीवर हाताएवढा निळा डाग असायचा. शिडीवर उभं राहताना तर नडगी वरच्या पायरीला टेकवावीच लागते, त्याशिवाय दोन्ही हात मोकळे होत नाहीत. म्हणजे दिवसभर दुखऱ्या जागेवर लोखंड.

उपाशी राहून झालं. पळून झालं. चेहरा चिमणीएवढा झाला, पाय तसूभर हलले नाहीत. नातेवाईक येता-जाता म्हणायचे, "चोरून खात असेल." खाणाऱ्यांनीच हे म्हणावं याचा मला भयंकर राग यायचा. एका मावशीला मी तोंडावर सांगितलं होतं, की तुमच्या ताटात जेवढं आहे तेवढं आमच्या वन्सं दोन दिवसांत खात नाहीत. त्या मावशी अजून आमच्याकडे येत नाहीत, आणि बरंच आहे.

एक दिवस कुठल्याशा इमारतीच्या जिन्यातलं छत अर्धं टाकून वन्सं खाली उतरल्या, बादली उपडी घालून तिच्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "आता नाही जमत." तेव्हापासून त्या जमिनीवर. दारं, चौकटी, रंग मिसळणं. उंचावरच्या कामाला नवऱ्याने बाहेरचा माणूस लावला. त्याची कडेची रेघ अशी की जणू शिंक आवरत काढली आहे. वन्सं खालून बघायच्या, ओठ मिटायच्या, बोलायच्या नाहीत. नियमाप्रमाणे बोलता येत नव्हतं ना! वर तो होता. घरचा धंदा, आणि मालक परका.

अशी दोन वर्षं गेली. मग एका दवाखान्याचं काम आलं. डॉक्टरीण प्लास्टिक सर्जन होती, आणि तिला तिच्या खोलीचा औषधी हिरवा रंग घालवायचा होता. ती काम बघायला आली तेव्हा वन्सं विजार गुडघ्यापर्यंत दुमडून पोटऱ्या चोळत बसल्या होत्या. डॉक्टरीण रंगाचं विचारायला आली होती, पण खाली बसून पायच बघायला लागली.

"दाबलं तर दुखतं?"

"न दाबताही दुखतं."

"निळं पडतं? लगेच?" तिने घोट्यावर जाडी एकदम थांबते तिथल्या वळीवर बोट ठेवलं. "आणि पावलं अशी बारीकच? आईचे पाय कसे आहेत तुमच्या?"

वन्संनी दुमडलेली विजार खाली ओढली. मी तिथे जेवणाचा डबा घेऊन गेले होते, म्हणून उत्तर मी दिलं. "डिट्टो."

डॉक्टरीण म्हणाली, याला लिपेडेमा म्हणतात. चरबीचाच आजार आहे, पण खाण्याने होत नाही आणि उपास करून जात नाही. बहुतेक बायकांना होतो, घराण्यात चालत येतो, आणि कित्येकींना जन्मभर कुणी सांगतच नाही. मग तिने नीट तपासायला बोलावलं, बाकीची दुखणी नाहीत ना याची खात्री केली, आणि काही महिने घट्ट मोजे आणि व्यायाम करून बघायला सांगितलं. सूज थोडी उतरली, दुखणं तेवढंच राहिलं. तेव्हा तिने लायपोसक्शनचं नाव काढलं.

त्या संध्याकाळी जेवताना वन्संनी हे सगळं सासूबाईंना सांगितलं. सासूबाई आता फारशा चालत नाहीत. खिडकीपाशी खुर्ची, पायाखाली स्टूल, आणि अंगावर बारा महिने पायघोळ झगा. मी या घरात आल्यापासून त्यांना कधी पोटभर जेवताना पाहिलेलं नव्हतं. वाढायला गेलं की ताटावर हात आडवा.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे," त्या म्हणाल्या, "मी खादाड नव्हते?"

"नव्हतीस आई."

"कधीच?"

"कधीच नाही."

सासूबाईंनी ताट पुढे सरकवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अजून वाढ बघू." मला रडू आवरेना, म्हणून मी आणखी आणण्याच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले आणि तिथे उभी राहून रडले.

नवऱ्याचा ऑपरेशनला विरोध होता. विरोध म्हणजे भीती, पण पुरुष त्याला विरोध म्हणतात. "चरबी ओढून काढायची? काय पंप आहे का?" असं म्हणत तो सगळीकडे फिरत होता. म्हणून वन्सं आम्हा दोघांना बरोबर घेऊन डॉक्टरणीकडे गेल्या.

डॉक्टरणीने काही लपवलं नाही. आधी चरबीत औषध मिसळलेलं खारट पाणी भरायचं, म्हणजे चरबी सैल होते आणि रक्त कमी जातं. मग बारीक छिद्रांतून नळी घालून ओढून घ्यायची.

"जुना रंग खरवडण्याआधी भिंत भिजवतो तसं," वन्सं म्हणाल्या.

"तसंच म्हणा. पण एका दिवसात सगळी भिंत नाही करायची. एकदा गुडघ्याखालचं, काही महिन्यांनी वरचं. आणि हे वजन उतरवण्याचं ऑपरेशन नाही हं. काटा फारसा हलणार नाही. आपण दुखणं कमी करायला करतोय." मग धोके सांगितले: रक्ताची गुठळी, जंतुसंसर्ग, कुठे बधिरपणा, कुठे खळगा. त्यासाठीच त्याच दिवशी उठून चालायचं. "आणि पहिले काही आठवडे पाय आधीपेक्षा जाड दिसतील. सूज असते. मला शिव्या द्याल. द्या, पण निकाल सहा महिन्यांनी."

"शिडी?" वन्संनी एवढंच विचारलं.

"हलकं काम लवकर. शिडी मी सांगेन तेव्हा. वचन देत नाही, पण मला वाटतं चढाल."

त्याच सुमारास एका शाळेने सभागृहाचं काम आम्हाला द्यायचं ठरवलं होतं. पुढच्या मोठ्या सुट्टीत करायचं. छत उंच, कडेला नक्षीची पट्टी, मध्ये गोल. वन्सं लहानपणी त्याच शाळेत होत्या, त्याच छताखाली रोज हात जोडून उभ्या राहायच्या आणि प्रार्थना म्हणण्याऐवजी वर बघायच्या. त्यांना ते छत रंगवायचं होतं. त्या परक्या माणसाने नाही, त्यांनी. दुसरं काही मागणं नव्हतं.

पहिलं ऑपरेशन ठरल्याप्रमाणे झालं. नर्सने आधीच सांगितलं होतं की छिद्रांतून एक-दोन दिवस गुलाबी पाणी गळेल, घाबरू नका, पलंगावर प्लास्टिक आणि जुने टॉवेल घाला. घाबरलेल्या नवऱ्याला हाताला काम एवढंच हवं होतं. त्याने पलंगाला, पलंगाखालच्या फरशीला आणि दारापर्यंतच्या वाटेला कामाचं प्लास्टिक अंथरलं, कडा पट्टीने चिकटवल्या. वन्सं आल्या, दारात थांबल्या, म्हणाल्या, "मला रंगवणार आहेस का?" हसताना पायात कळ गेली तशी त्याच्यावरच ओरडल्या.

पाणी गळलं. पाय निळे, मग जांभळे, मग पिवळट झाले. मुलगी म्हणाली की आत्याचे पाय शेडकार्ड झाले आहेत. वन्सं रोज खोलीतल्या खोलीत चालायच्या, मग जिन्यापर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत. आणि अंगावर चिलखत. म्हणजे दाब देणारी घट्ट विजार, जी दिवसरात्र घालायची होती. ती चढवायला मी आणि वन्सं दोघी लागायचो, दोघींना घाम फुटायचा, आणि त्या वेळात आम्ही एकमेकींना जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. फक्त अंघोळीपुरती काढायची, असं नर्सने बजावलं होतं.

आणि इथे आमच्या रंगारणीने माती खाल्ली.

रंगकामात एक गोष्ट पक्की असते. चौकटीला लावलेली पट्टी रंग पुरता वाळायच्या आत काढायची. वाळेपर्यंत ठेवली तर निघताना रंगाची साल घेऊन येते. वेळेत काढली तर कड स्वच्छ. हे वन्संच्या हाडीमासी खिळलेलं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, पाय जरा बरे वाटू लागले तसं त्यांनी मनाशी ठरवलं की चिलखत आता आत रुतणार, वेळेत काढलं पाहिजे. मला म्हणाल्या, "आता माझी मी चढवते, तू नको येऊस." मला वाटलं, बाई सुधारली. त्यांनी ते घडी करून उशीखाली ठेवलं होतं, आणि आईचा पायघोळ झगा घालून फिरत होत्या.

दोन-तीन दिवसांनी सकाळी चहा घेऊन गेले तर वन्सं आरशासमोर झगा वर धरून उभ्या. पाय सुजून टम्म झालेले, ऑपरेशनच्या आधीपेक्षाही मोठे, कातडी ताणून चकाकत होती. मला बघूनही त्यांनी झगा सोडला नाही.

"बघ," त्या म्हणाल्या. "होते तसेच झाले. तुझ्या नवऱ्याला सांग, शाळेचं काम त्या माणसालाच दे. मी खाली बसून दारं रंगवते. माझ्या वाट्याला तेवढंच आहे."

वन्संना मी चिडलेलं पाहिलं होतं, दुखण्याने विव्हळताना पाहिलं होतं. हरलेलं पाहिलं नव्हतं. मला ते सहन झालं नाही, आणि मला काही सहन झालं नाही की मी ओरडते. चिलखत कुठे आहे म्हणून ओरडले, उशीखालून ओढून काढलं, आणि कारण ऐकल्यावर आणखी ओरडले.

"पट्टी? अहो वन्सं, ही पट्टी आहे? स्लॅब टाकल्यावर खाली टेकू असतात ते बघितलेत कधी? वरून स्लॅब कोरडा ठणठणीत दिसतो, तरी माझे वडील टेकूला हात लावू द्यायचे नाहीत. आतलं जमायला वेळ लागतो. तुम्ही टेकू काढलेत! सगळ्या जगाला रंगारी-बुद्धीने मोजता तुम्ही!"

"गवंडीण आली शिकवायला," त्या पुटपुटल्या. पण पुटपुटल्या, म्हणजे जिवंत होत्या.

त्यांना तसंच दवाखान्यात नेलं. डॉक्टरणीने पाय तपासले, पोटऱ्या दाबून बघितल्या, गुठळी नाही ना याची तपासणी करून घेतली. "आत काही बिघडलेलं नाही," ती म्हणाली. "पाणी साठलंय. चिलखत चढवा, रोज चाला, हलका मसाज करून घ्या. उतरेल." मग खुर्चीवर मागे टेकून तिने सहज विचारलं, "माझी ही भिंत तुम्हीच रंगवलीत ना? पहिल्या दिवशी मी फोन केला होता, की डाग-डाग दिसतायत, रंग चुकला. आठवतं काय म्हणालात?"

वन्संनी भिंतीकडे बघितलं. मग जमिनीकडे बघत म्हणाल्या, "ओल्या रंगावर बोलू नये."

"मग?"

"मग काही नाही. द्या ती विजार इकडे."

पुढचं सगळं सरळ झालं असं म्हणणार नाही. सूज उतरली, पुन्हा थोडी आली, पुन्हा उतरली. डाव्या गुडघ्याच्या वर आजही एक खळगा आहे, आणि एका जागी चिमटा काढला तरी कळत नाही. वरच्या भागाचं दुसरं ऑपरेशन झालं, तेव्हा चिलखत चढवायला मीच हजर होते आणि उतरवायलाही मीच. उशी रोज उचलून बघायचे. घट्ट मोजे तर त्यांना पुढेही वापरायचेच आहेत, आजार काही मुळासकट उपटला जात नाही. पण एक दिवस मुलगी पळत आली आणि नेहमीसारखी आत्याच्या मांडीवर आदळली. आम्ही सगळे "अगं!" म्हणून ओरडलो. वन्सं ओरडल्या नाहीत. त्यांनी तिला पुन्हा आदळायला सांगितलं.

डॉक्टरणीने शिडीला होकार दिला त्यानंतर काही आठवड्यांतच शाळेला सुट्टी लागली.

त्या दिवशी आम्ही सगळे सभागृहात होतो. सासूबाईंनाही खुर्चीसकट नेलं होतं, त्या ऐकतच नव्हत्या. नवऱ्याने खर्च नको म्हणून त्या परक्या माणसाला बोलावलं नाही असं सांगितलं, पण मला माहीत आहे, बहिणीवरचा विश्वास तोंडाने बोलून दाखवायची त्याला सवय नाही. त्याने शिडी लावली. हलवून बघितली. पुन्हा हलवून बघितली.

"ताई, नक्की ना? नाहीतर आज नुसतं—"

"धर."

त्या चढल्या. एक-एक पायरी, घाई न करता. वर पोचल्यावर दोन्ही हात सोडायच्या आधी नडगी पायरीला टेकवावी लागते, हे मी आधी सांगितलंच आहे. त्या तिथे थांबल्या. मग त्यांनी हळूच पाय पुढे नेला आणि लोखंडाला टेकवला, आणि नुसत्या उभ्या राहिल्या.

"काय झालं?" नवरा खालून म्हणाला. "दुखतंय? ताई? काय होतंय?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काही नाही रे! पायरी लागतेय. गार आहे. बस, एवढंच." त्यांनी नडगी आणखी दाबून बघितली. "दुखत नाहीये."

सासूबाईंनी झग्यावरून स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि त्या मान वर करून बघत राहिल्या. मी उघड रडले. या वेळी स्वयंपाकघर जवळ नव्हतं.

मग वन्संनी श्वास आत घेतला आणि हात नेला. छताच्या कडेने, पट्टीशिवाय, रेघ निघाली. इतक्या वर्षांत हात विसरला असेल अशी मला भीती होती. विसरला नव्हता. नवरा खालून शिडी सरकवत होता आणि रेघ त्याच्या पुढे पळत होती.

दुपारी मुख्याध्यापिका बघायला आल्या. छत ओलं होतं, कुठे गडद, कुठे फिकट, ओलं छत दिसतं तसंच. त्यांचा चेहरा पडला. "अहो, हे डाग राहणार का? मला तर काही खरं दिसत नाही."

नवऱ्याने समजवायला तोंड उघडलं.

"तू गप्प," वरून आवाज आला. "शिडी धर."

"हो मालक," नवरा म्हणाला, आणि दोन्ही हातांनी शिडी धरली.

वन्संनी ब्रश डब्यावर निथळला, आणि पाय पायरीला टेकवून, एका अंगावर रेलून, खाली बघितलं. "बाई, उद्या सकाळी या," त्या म्हणाल्या. "घाई करू नका. मीही केली होती."